सकाळी अकराला अकरा: काचबिंदूच्या एका रुग्णाचे चोवीस तास

पार्श्वभूमी

नाना २०१४ च्या जूनमध्ये पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा ५८ वर्षांचे होते. (हे त्यांचे खरे नाव नाही. ओळख पटेल असे बाकीचे तपशीलही बदलले आहेत.) बँकेतून निवृत्ती घेतलेली, तब्येत काटक, तक्रार एवढीच की वाचायच्या चष्म्याचा नंबर बदलल्यासारखा वाटतो. ज्या दुकानात ते चष्मा करायला गेले तिथल्या ऑप्टोमेट्रिस्टने डोळ्यात जरा निरखून पाहिले आणि चष्मा करून न देता, “नस एकदा दाखवून घ्या,” असे सांगितले. हातचे गिऱ्हाईक त्याने असे सोडले नसते तर नाना माझ्याकडे आणखी दोन-तीन वर्षे उशिरा आले असते.

नस म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी; काचबिंदूत ती झिजते आणि तिच्या तोंडाशी असलेला खड्डा वाढतो. उजव्या डोळ्याच्या नसेतला खड्डा मोठा होता, डाव्या डोळ्याचा त्याहून थोडा कमी. उजव्या नसेच्या कडेला रक्ताचा एक बारीक, ज्योतीसारखा ठिपका होता. काचबिंदू पाहणाऱ्याला असा ठिपका दिसला की तो पुढचा-मागचा विचार न करता ‘हा वाढतोय’ असे लिहितो. डोळ्यातला दाब मात्र उजवीकडे पाऱ्याचे १७ मिलिमीटर, डावीकडे १६. सर्वसाधारणपणे १० ते २१ हा डोळ्यातल्या दाबाचा नेहमीचा पल्ला धरतात, म्हणजे आकडा अगदी सभ्य. डोळ्यातले पाणी जिथून बाहेर जाते तो कोन उघडा होता. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, ज्याला आम्ही कॉर्निया म्हणतो, तो पातळ निघाला: ४९६ आणि ५०१ मायक्रॉन. सरासरी ५४० च्या आसपास असते. कॉर्निया पातळ असला की दाब मोजणारे यंत्र खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते. किती कमी, याचे सर्वमान्य कोष्टक नाही.

निदान केले ते सामान्य दाबाच्या काचबिंदूचे. रुग्णाला हे नाव समजावून सांगणे अवघड जाते. “दाब नॉर्मल आहे तर रोग कसला?” नानांनीही तेच विचारले. त्याचे उत्तर असे की प्रत्येक नसेची सोसण्याची ताकद वेगळी असते आणि एकाला चालणारा दाब दुसऱ्याला चालत नाही. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात असे दिसले होते की अशा रुग्णांचा दाब आहे त्याच्या तीस टक्क्यांनी खाली आणला की नस खराब होण्याचा वेग मंदावतो. त्या हिशेबाने आम्ही १२ हे लक्ष्य ठरवले आणि रात्री झोपताना दाब कमी करणाऱ्या लॅटानोप्रोस्टचा एक थेंब सुरू केला.

त्या दिवशीच्या केसपेपरवर मी आणखी एक ओळ लिहिली होती. ती इथे देते, कारण चार वर्षांनी तीच मला शोधत आली: ‘व्यायाम: नियमित योगासने. उत्तम.’

अडचण

अडीच वर्षे सगळे ठीक चालल्यासारखे वाटत होते. दाब १२-१३. नाना दर चार महिन्यांनी यायचे, नेहमी सकाळी, नेहमी अकराच्या सुमारास, कारण त्यांची बस त्या वेळेला पोचायची. पण २०१६ च्या डिसेंबरात केलेल्या दृष्टिक्षेत्राच्या चाचणीत, म्हणजे सगळे ज्याला ‘फील्ड’ म्हणतात त्यात, उजव्या डोळ्याचा आकडा उणे ४.१ वरून उणे ६.० डेसिबलवर गेलेला होता (शून्याच्या आसपास म्हणजे निरोगी; उणे आकडा जितका मोठा तितकी नजर जास्त गेलेली). चाचणी दोनदा परत केली, फरक तोच. टिमोलॉलचा थेंब सकाळ-संध्याकाळ वाढवला. दाब ११ वर आला.

त्यानंतर तो ११ वरून हललाच नाही. मार्चमध्ये ११, जुलैमध्ये ११, नोव्हेंबरात १०, पुन्हा ११. आमच्या दवाखान्यातली सिस्टर गमतीने म्हणायची, “नाना आले म्हणजे अकरा वाजले आणि अकराच येणार.” २०१८ च्या मार्चमध्ये फील्डचा आकडा उणे ८.३ झाला. नसेच्या कडेला पुन्हा रक्ताचा ठिपका.

फील्डच्या कागदावरचे काळे ठिपके रुग्णाला काही सांगत नाहीत. नानांना काय होत होते ते त्यांनी स्वतः शोधून काढले होते. डावा डोळा हाताने झाकून ते वर्तमानपत्र वाचायचे आणि म्हणायचे, “अक्षरं दिसतात हो डॉक्टर, पण शब्दांच्या डोक्यावरची रेघ मधेमधे तुटते.” उजव्या डोळ्याच्या मधोमध, किंचित वरच्या बाजूला नजर गेली होती. शिरोरेघ तुटणे हे लक्षण मला कुठल्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात सापडले नसते. तेव्हापासून वाचणाऱ्या प्रत्येक काचबिंदूच्या रुग्णाला मी ते विचारते.

थोडक्यात पेच असा: दाब लक्ष्याच्या खाली आणि रोग पुढे.

आधी जे तपासायला हवे ते

अशा वेळी पहिला संशय औषधावर घ्यायचा असतो, म्हणजे ते डोळ्यात जाते का यावर. मी नानांना समोर थेंब टाकायला लावला. निम्म्या रुग्णांचा थेंब गालावर पडतो, बाटलीचे टोक पापणीला लागते, नाहीतर एकाच्या जागी तीन थेंब पडतात. नानांनी खालची पापणी ओढली, थेंब टाकला, डोळा मिटला आणि नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटे दाबून धरला. तीस वर्षे रोकड मोजलेला माणूस. बाटली कधी उघडली त्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहिलेली. तिथे काही हाती लागले नाही.

दुसरे म्हणजे चोरपावलांनी येणारे स्टेरॉइड: दम्याचा पंप, त्वचेचे मलम, सांध्यातले इंजेक्शन. तेही नव्हते. घोरणे, झोपेत श्वास अडकणे, याबद्दल काकूंना विचारले. “घोरत नाहीत, पण पाचला उठून सगळ्यांना उठवतात,” असे त्या म्हणाल्या. आम्ही सगळे हसलो. पाचला उठून ते काय करतात, हे मी तेव्हा विचारले नाही.

कोणते पर्याय होते

सगळ्यात सोपा पर्याय तिसरा थेंब वाढवण्याचा. पण अकरावर असलेला दाब कुठवर खाली नेणार आणि कशाच्या आधारावर?

दुसरा पर्याय ऑपरेशनचा. ट्रॅबेक्युलेक्टमी, म्हणजे डोळ्यातल्या पाण्याला पापणीखालून नवी वाट करून देणे, केली तर दाब आठ-नऊवर आणता येतो, आणि दिवस-रात्रीचा चढउतारही बराच कमी होतो. उलट बाजूला, दाब फार खाली जाऊन डोळ्याच्या मागच्या पडद्याला सुरकुती पडू शकते, मोतीबिंदू लवकर येतो आणि पापणीखाली केलेल्या वाटेला जंतुसंसर्ग होण्याची टांगती तलवार जन्मभर राहते. ज्या डोळ्यात नजरेच्या मधोमधच्या भागाला धक्का लागलेला आहे तिथे ऑपरेशननंतर नजर अचानक घसरण्याची भीतीही असते. मी नानांना ऑपरेशन सुचवले होते, पण आवाजात खात्री नव्हती आणि ती नव्हती हे त्यांना कळले.

तिसरा पर्याय म्हणजे दाब जास्त वेळा मोजणे. डोळ्यातला दाब रक्तदाबासारखाच दिवसभर खालीवर होतो. निरोगी डोळ्यात हा फरक तीन ते सहा मिलिमीटरचा, काचबिंदूत त्याहून जास्त. आडवे झाले की तो चढतो, म्हणून पुष्कळ लोकांचा सर्वात जास्त दाब रात्री झोपेत किंवा पहाटे असतो, आणि तेव्हा जगातला कुठलाही दवाखाना उघडा नसतो. वर्षातून तीन-चारदा सकाळी अकराला घेतलेल्या आकड्यांवरून मी वर्षभराचा अंदाज बांधत होते. एका शनिवारी नानांना सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत बसवून दर दोन तासांनी दाब घेतला: १३, १२, ११, ११, १०, ११. नंतर पाच मिनिटांत जवळपास लिटरभर पाणी पिऊन दाब किती चढतो ती जुनी चाचणी केली. १६ पर्यंत गेला. काहीतरी आहे असे वाटावे इतपत, निर्णय घ्यावा इतपत नाही. रात्री दाखल करून दर दोन तासांनी उठवून मोजण्याचाही विचार झाला. पण झोपलेल्या माणसाला उठवून, बसवून, डोळ्याला यंत्र लावून घेतलेला आकडा झोपेतला कसा म्हणायचा?

घरी स्वतः मोजायचे टोनोमीटर तेव्हा निघालेले होते. बारीक टोक बुबुळाला टिचकी मारून परत येते आणि त्यावरून दाब कळतो. मात्र त्या वेळच्या यंत्राला माणूस ताठ बसलेला लागायचा, आणि आम्हाला महिनाभरासाठी ते उसनेही मिळाले नाही.

राहिला डोळ्यावर घालायचा सेन्सर. तो आमच्या यादीत आला तो केवळ योगायोगाने. नानांची मुलगी झ्युरिकला असते आणि तिच्या बाळंतपणासाठी दोघेही मे महिन्यात तिकडे निघाले होते. हा सेन्सर मूळचा स्वित्झर्लंडचाच: लोझानच्या तंत्रविद्यापीठातून निघालेल्या सेन्सिमेड या कंपनीचा, नाव ट्रिगरफिश. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मार्च २०१६ मध्ये मान्यता दिली, तीही जपून शब्द वापरून. चोवीस तासांत दाब कोणत्या वेळी चढतो ते याने शोधा, आणि त्या वेळेला नेहमीच्या यंत्राने मोजा, एवढेच. दाब सांगणारे यंत्र म्हणून ती मान्यता नव्हती.

जर्मनीत डोळ्याच्या आत बसवायचा सेन्सरही मिळू लागला होता. तो मोतीबिंदूच्या ऑपरेशनबरोबर बसवतात आणि खरा मिलिमीटरमधला दाब सांगतो. नानांना मोतीबिंदू नव्हता. केवळ मोजण्यासाठी डोळा उघडण्यावर मी एक मिनिटही घालवले नाही.

सेन्सर काय मोजतो

मऊ सिलिकॉनची कॉन्टॅक्ट लेन्स, तिच्या कडेने कंकणासारखी फिरणारी प्लॅटिनम-टायटॅनियमची अतिशय बारीक तार, मधे एक सूक्ष्म चिप आणि सोन्याची अँटेना. डोळ्यातला दाब वाढला की बुबुळाच्या कडेचा घेर किंचित ताणला जातो. तो ताण या तारेला कळतो. डोळ्याभोवती पट्टीसारखी चिकटवलेली दुसरी अँटेना लेन्सला वीज पुरवते आणि माहिती उचलते, आणि एक वायर गळ्यात अडकवलेल्या छोट्या डबीपर्यंत जाते. दर पाच मिनिटांनी तीस सेकंद नोंद होते. चोवीस तासांत २८८ नोंदी.

येतो तो आकडा मिलिव्होल्टच्या मापातला. त्याचे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये रूपांतर करता येत नाही. शिवाय झोपेत बंद पापणीखाली कॉर्निया थोडा सुजतो, त्यामुळे रात्रीच्या चढातला काही भाग दाबाचा नसून सुजेचा असेल, ही शंका तज्ज्ञांमध्ये आहेच. मग उपयोग काय? २०१८ मध्येच चारशेहून अधिक रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात या आलेखातले उंच-सखल जास्त असलेल्यांची नजर जास्त वेगाने गेलेली दिसली, दवाखान्यातल्या दाबाचा हिशेब धरूनही. मला तेवढे कारण पुरेसे होते. नानांना मात्र मी दोनदा सांगितले की यातून दाबाचा आकडा मिळणार नाही, फक्त वेळ मिळेल.

एक निर्णय इथे महत्त्वाचा होता. चाचणी औषध बंद करून करायची की चालू ठेवून? औषध थांबवले तर नानांच्या डोळ्याचा मूळ स्वभाव कळला असता. पण मला मूळ स्वभावात रस नव्हता. सगळे थेंब चालू असताना डोळा का बिघडतोय, हा प्रश्न होता. म्हणून तिथल्या डॉक्टरांना पत्रात लिहिले: काहीही बंद करू नका, फक्त उजवा डोळा, आणि रुग्णाला वही ठेवायला सांगा.

चोवीस तास

जुलैमधल्या एका मंगळवारी सकाळी साडेनऊला लेन्स घातली. ती तीन वक्रतांमध्ये येते आणि डोळ्याच्या मापाची निवडावी लागते. नानांची लेन्स तिसऱ्या प्रयत्नाला ठीक बसली. नंतर त्यांनी केलेले वर्णन असे: पहिला तासभर डोळ्यात पापणीचा केस गेल्यासारखे, मग विसरायला होते, पण उजव्या डोळ्याने धुक्यातल्यासारखे दिसते. अंघोळ नाही, गाडी चालवणे नाही. गळ्यात डबी. काकू म्हणाल्या, “चाळीस वर्षं मी वागवतेय, आता तुमच्याही गळ्यात काहीतरी आलं.” रात्री झोप नेहमीइतकी लागली नाही, पण लागली. दुसऱ्या दिवशी लेन्स काढली तेव्हा डोळा लाल होता, लेन्सच्या कडेचा गोल ठसा उठला होता आणि नजर दीड दिवस अंधुक राहिली. हे बहुतेकांना होते आणि जाते. आधी माहीत नसेल तर माणूस घाबरतो. नानांना मी हे सांगितलेले नव्हते. मुलीचा रात्री दोन वाजता फोन आला आणि तो यायलाच हवा होता.

चाचणीच्या दिवशी सूचना एकच होती: नेहमीसारखे वागा, आणि काय केले ते वेळेसकट लिहा. नानांनी ती अक्षरशः पाळली.

आलेख आणि वही

सप्टेंबरमध्ये नाना परत आले तेव्हा त्यांच्याकडे दोन कागद होते. एक दवाखान्याचा अहवाल, दुसरी त्यांची वही.

आलेखाची रेघ दिवसभर थोडी वर-खाली होत राहिलेली. जागेपणी पापण्या लवतात त्याची टोकदार कुसळे रेघेवर दिसतात. रात्री साडेदहानंतर कुसळे थांबली, म्हणजे नाना झोपले, आणि रेघ चढू लागली. चढत चढत पहाटे चार-साडेचारला सर्वात वर. पाचच्या सुमाराला कुसळे परत सुरू, रेघ उतरायला लागली. इथवर अपेक्षेप्रमाणेच. पण पाच चाळीसला दोन नोंदी बाकीच्यांना सोडून एकदम वर उडालेल्या होत्या, रात्रीच्या टोकाच्याही वर. पाच पन्नासला रेघ पुन्हा जागेवर. अहवालात त्या दोन बिंदूंभोवती चौकोन काढून लिहिले होते की लेन्स हलल्यामुळे आलेली चूक, हिशेबातून वगळले.

वही मराठीत होती. तिथे ती कोणालाच वाचता येणार नव्हती, म्हणून त्यांनी ती न उघडता अहवालाबरोबर परत दिली होती. मी वाचू लागले. बँकेतल्या खतावणीसारखे बारीक, सरळ अक्षर. ‘१०.४५ चहा. ११.३० बाळाला फिरवले. १.०० जेवण. २.१० आडवा, ३५ मि.’ असे करत पहाटेपर्यंत आले. ‘५.०५ उठलो. ५.१० पाणी, दोन तांबे. ५.४० शी. ८ मि.’

मी ती ओळ वाचून पुढे गेले. पहाटेच्या वेळी दोन तांबे पाणी प्यायलेला माणूस ‘शी’ लिहितो तेव्हा डॉक्टर अधिक चौकशी करत नाही. वेळ मात्र डोक्यात राहिली. आलेखावर परत बोट ठेवले. पाच चाळीस.

“नाना, ही शी... त्रास वगैरे होतो का? जोर करावा लागतो?” जोर केल्यानेही डोळ्यातला दाब चढतो, म्हणून मी विचारले.

ते गोंधळले, मग वही माझ्या हातातून घेतली. “अहो, शीर्षासन!”

चौतीस वर्षे, रोज, आठ मिनिटे. झ्युरिकच्या फ्लॅटमध्येही, गळ्यातली डबी सतरंजीवर शेजारी ठेवून, कारण नेहमीसारखे वागा असे सांगितले होते.

निर्णय

शीर्षासनात डोळ्यातला दाब वाढतो ही नवी गोष्ट नाही. चेन्नईच्या शंकर नेत्रालयाने २००६ मध्येच मोजून दाखवले होते की योगसाधकांच्या डोळ्यातला दाब शीर्षासनात साधारण दुप्पट होतो. त्याच अभ्यासात हेही दिसले की निरोगी डोळ्यांच्या साधकांमध्ये दाबाचा विकार काही जास्त आढळत नाही. म्हणजे निरोगी माणसाने घाबरायचे कारण नाही. ज्याची नस आधीच कच्ची आहे त्याची गोष्ट वेगळी, आणि शीर्षासन करणाऱ्या काचबिंदूच्या रुग्णाची नजर खालावल्याच्या एकेकट्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आलेल्या आहेत. हे सगळे मी वाचलेले होते. नानांच्या संदर्भात ते आठवले नाही.

आलेखावरचे ते दोन बिंदू दाबाचेच होते याचा पुरावा माझ्याकडे नाही. डोके खाली केल्यावर लेन्सही हलली असेल, तिथल्या तंत्रज्ञांचे चुकले नव्हते. तपासायचे झाले असते तर नानांना दवाखान्यात शीर्षासन करायला लावून दाब मोजता आला असता. सहकाऱ्याने तसे सुचवलेही. ज्या डोळ्याला ते बाधते असा संशय आहे त्यालाच पुराव्यासाठी पुन्हा उलटा करणे मला पटले नाही. त्याऐवजी त्यांना दहा मिनिटे सपाट आडवे केले आणि हातात धरायच्या टोनोमीटरने दाब घेतला. बसून ११, आडवे १६. रात्रीच्या चढाला एवढा दुजोरा पुरला.

मग तीन गोष्टी बदलल्या. टिमोलॉल झोपेत फारसे काम करत नाही, हे माहीत असलेले सत्य आहे. शिवाय संध्याकाळचा थेंब रात्रीचा रक्तदाबही खाली नेऊ शकतो. तो थेंब काढला आणि रात्रीही दाब धरून ठेवणारे डॉर्झोलामाइड सुरू केले. दुसरे, नाना रक्तदाबाची गोळी रात्री घेत. फिजिशियनकडून चोवीस तासांचा रक्तदाब मोजून घेतला तर पहाटे तीनला ९२/५४. नसेला रक्त कमी आणि त्याच वेळी डोळ्यात दाब जास्त, असा दुहेरी मार. गोळी सकाळवर आणली. ती फिजिशियनने बदलली. डोळ्याच्या डॉक्टरने परस्पर बदलू नये.

तिसरी गोष्ट शीर्षासन. ही सर्वात स्वस्त होती आणि तिलाच सर्वात जास्त वेळ लागला. अय्यंगार गुरुजींच्या पुण्यात बसून चौतीस वर्षांच्या साधकाला आसनांचा राजा सोड म्हणायचे! नाना चिडले नाहीत, गप्प झाले. मग म्हणाले, “माझी नजर यानंच टिकलीय असं मी समजत होतो.” त्याला मी उत्तर दिले नाही. आठ दिवसांनी ते परत आले, सौदा करायला: दोन मिनिटे चालेल का? भिंतीला टेकून? मी नाही म्हटले. सर्वांगासन, हलासनही नाही. सूर्यनमस्कारातले पर्वतासन टाळा किंवा क्षणभरच करा. बसून करायची आसने आणि अनुलोम-विलोम हवे तेवढे. तोल गेला तो काकूंच्या एका वाक्याने: “डावा डोळा झाकून वाचायचं तुम्हीच शिकवलंत आम्हाला, आता उजवा झाकून वाचायची वेळ येऊ देऊ नका.”

ऑपरेशन पुढे ढकलले, पण अट घालून. सहा महिन्यांत दोन फील्ड करायच्या, आणि उजव्या डोळ्याची घसरण चालू राहिली तर वाद न घालता ऑपरेशन.

निकाल

एप्रिल २०१९ मध्ये उणे ८.१. डिसेंबर २०१९ मध्ये उणे ८.६. मग टाळेबंदीत वर्षभर चाचणी झाली नाही, आणि जानेवारी २०२१ मध्ये उणे ८.५. नसेच्या कडेला नवा ठिपका दिसलेला नाही. दाब अकरा वाजता अजूनही ११ किंवा १० च असतो. शिरोरेघ जिथे तुटायची तिथेच तुटते. गेलेले परत येत नाही, हे नानांना आता मला सांगावे लागत नाही.

यातले कशाने झाले? सांगता येत नाही. तीन गोष्टी एका महिन्यात बदलल्या आणि त्यांतली प्रत्येक एकटीनेही फरक पाडू शकली असती. संशोधन म्हणून पाहिले तर हे सदोष आहे. समोर बसलेल्या माणसाचा डोळा वर्षाला एकेक डेसिबलने जात असताना एकेक गोष्ट सहा-सहा महिने तपासत बसणे मला जमले नसते. फील्ड चाचणीतही दिवसागणिक थोडा फरक पडतोच, त्यामुळे तीन आकड्यांवरून ‘थांबला’ म्हणायलाही मी तयार नाही. मंदावला, इतकेच.

काय वेगळे करता आले असते

सेन्सर वाया गेला असे मी म्हणणार नाही. रात्रीचा चढ त्यानेच दाखवला आणि औषध त्यामुळे बदलले. पण त्या चोवीस तासांतली सर्वात उपयोगी नोंद लेन्सने केली नाही, पेनाने केली. आणि ती वही चार वर्षे आधी, फुकट, पुण्यातच लिहून घेता आली असती. ‘व्यायाम करता का’ हा प्रश्न मी विचारला होता. ‘कोणता’ हा विचारला नव्हता. काकूंनी पाच वाजताचा उल्लेख केला तेव्हा दुसरी संधी आली होती, ती हसण्यावारी गेली.

सेन्सरच्या अहवालाबाबतही एक गोष्ट ठरवून करायला हवी होती: वही त्या देशाच्या भाषेत, नाहीतर निदान इंग्रजीत लिहून घेणे. नाना सहज लिहू शकले असते. मुलगी भाषांतर करू शकली असती. मी पत्रात ‘वही ठेवायला सांगा’ लिहिले, ‘ती आलेखाशेजारी ठेवून वाचा’ हे लिहिले नाही. वही परत आलीच नसती तर ते दोन बिंदू चौकोनातच राहिले असते.

एकच डोळा मोजला, हीही उणीव आहे. डाव्या डोळ्याचे फील्ड इतकी वर्षे उणे ३ च्या आसपास स्थिर आहे. शीर्षासनात दोन्ही डोळे उलटे होते. मग उजवाच का खालावला? रात्रीचा चढ डाव्यात कमी असेल, नाना उजव्या कुशीवर झोपत असतील (झोपतात, विचारले), किंवा उजव्याची नस मुळातच कमकुवत असेल. याचे उत्तर माझ्याकडे नाही.

आमच्या केसपेपरवर आता छापील प्रश्न वाढले आहेत. डोके खाली जाणारी आसने. वजन उचलणे. सनई, बासरी, तोंडाने फुंकायचे कोणतेही वाद्य. कोणत्या कुशीवर झोपता, उशीत तोंड खुपसून झोपता का. रक्तदाबाची गोळी किती वाजता. त्या यादीतला पहिला प्रश्न विचारला की आठवड्यातून एखादा तरी रुग्ण कौतुकाच्या अपेक्षेने होकार देतो.

नाना आता दर दुसऱ्या वेळी अकराऐवजी सकाळी साडेसातला येतात. त्यासाठी त्यांना आदल्या रात्री पुण्यात मुक्काम करावा लागतो आणि मला दवाखाना लवकर उघडावा लागतो. मागच्या वेळी साडेसातचा दाब १४ निघाला. तिसऱ्या थेंबाची वेळ बदलली आहे, पुढची फील्ड जूनमध्ये आहे.